माइनक्राफ्टमधील घरबांधणी व अंकगणित
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलांच्या हातातील मोबाईलविरुद्ध आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असेल. आज मात्र आम्ही त्यातील एका खेळाची बाजू घेणार आहोत, तीही अर्धीच.

'माइनक्राफ्ट' हा खेळ स्वीडनमधील मोजांग कंपनीने २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये शाळांसाठी त्याची निराळी आवृत्तीही निघाली. त्यातील सृष्टी घनाकृती ठोकळ्यांची असून ठोकळ्याची बाजू एक मीटर मानलेली आहे. मूल झाड तोडते आणि घर बांधते. एका ओंडक्यापासून फळ्यांचे चार ठोकळे मिळतात. (लाकूड वाढले कसे, हे सुताराने विचारू नये!)

समजा, बाहेरून ९ ठोकळे लांब व ७ ठोकळे रुंद असे घर बांधावयाचे आहे. भिंतीच्या एका थरास ठोकळे किती? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी चटकन ३२ म्हणतो. प्रत्यक्ष मांडू लागला की ४ उरतात. कारण कोपऱ्यावरचा प्रत्येक ठोकळा दोन्ही भिंतींत मोजला गेलेला असतो. कडेची लांबी निराळी आणि कडेवर मांडलेल्या वस्तूंची संख्या निराळी, हा भेद खडूने समजावताना आमचा घसा कोरडा पडत असे. आता एका थरास २८, चार थरांस ११२. दारासाठी २ वजा जाता ११०. यास ४ ने भागिले असता २७ आले व बाकी २ राहिली. सत्तावीसच ओंडके आणले तर भिंतीस दोन ठोकळ्यांचे भगदाड राहते. म्हणून अठ्ठावीस आणावे लागतात. 'मला गणित येत नाही' असे पाचवीतच ठरवून बसलेल्या मुलासही बाकीचा अर्थ त्या भगदाडातून दिसतो.

परंतु या खेळाच्या दोन तऱ्हा आहेत. 'क्रिएटिव्ह' या तऱ्हेत ठोकळे हवे तितके मिळतात. तेथे हिशेब कशासाठी करावा? कुबेराच्या मुलास पाढ्यांची गरज नसते. 'सर्व्हायव्हल'मध्ये प्रत्येक ठोकळा कष्टाने मिळवावा लागतो. तीच तऱ्हा आपल्या कामाची. तरीही मूल अंदाजाने बांधते, कमी पडले की पुन्हा रानात जाते. खेळ त्यास अडवीत नाही. अडवावयाचे ते शेजारी बसलेल्या वडीलमाणसाने. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी आकडा कागदावर लिहविला पाहिजे. एवढा वेळ ज्यास नाही, त्याने या खेळापासून गणिताची आशा धरू नये. घरात मोबाईल एकच असेल तर मुलीसही मुलाइतकाच वेळ मिळावा, हेही सांगून ठेवतो.

एक गंमत. खेळातील पेटीस २७ खण असतात व एका खणात ६४ ठोकळे मावतात. म्हणजे एकूण १७२८. फूट-इंच शिकलेल्या वडीलधाऱ्यांस ही संख्या आठवेल: एका घनफुटाचे घनइंच तितकेच. सत्तावीस हा ३ चा घन, चौसष्ट हा ४ चा, म्हणून गुणाकार १२ चा घन. हे नातवंडांस आजोबांनीच सांगावे.

व्याज व शेकडेवारी मात्र या घरबांधणीत सहसा येत नाहीत. त्यांसाठी घरची किराणाची वही आणि बँकेचे पासबुक मुलांपुढे उघडावे.