भयपटांचा छंद आणि बायकांची नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे आहार, बालसंगोपन, बचत किंवा संतवाङ्मय अशा उपयुक्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज भुताखेतांच्या जुन्या चित्रपटांवर बोलणार आहे. चिटणीसबाईंना हा विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, मग मुलांना बाहेर खेळायला पाठवू का?" तशी काही गरज नाही. जुने भयपट आजच्या मानाने फारच सोज्वळ. त्यांत रक्त थोडे आणि सावल्या पुष्कळ.

हा छंद मला कित्येक वर्षांचा आहे. रात्रीची झाकपाक झाली, घरची माणसे निजली, की दिवा मालवून मी एखादा काळापांढरा बोलपट लावून बसते. शेजारी एक वही असते. कोणी काम केले, रंगभूषा कोणाची, पडद्यामागे काय गंमत घडली, हे सारे मी तीत टिपून ठेवते. 'सायको' (१९६०) या चित्रपटातील न्हाणीघरातल्या प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता, असल्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत; पण वाण्याची यादी मात्र हमखास घरी राहते!

ही वही भरता भरता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या चित्रपटांत बाईचे काम बहुधा किंचाळण्याचे आणि मूर्च्छित पडण्याचे. पण ही भीती मुळात निर्माण कोणी केली हे शोधू लागले, की पुष्कळदा एक बाईच समोर येते. आणि तिचे नाव कोठे पुसलेले असते, कोठे झाकलेले. आज मला त्याविषयीच सांगायचे आहे.

'फ्रँकेन्स्टाइन' हे नाव आपण ऐकलेले असते. पुष्कळांना ते राक्षसाचे नाव वाटते. वास्तविक ते त्याला घडवणाऱ्याचे नाव. त्या बिचाऱ्या राक्षसाचे बारसे कोणी केलेच नाही. ही कथा रचणारी मेरी १७९७ साली लंडनमध्ये जन्मली आणि अवघ्या अकराव्या दिवशी तिची आई वारली. १८१५ साली मेरीची स्वतःची तान्ही मुलगी गेली. त्यानंतर तिला स्वप्न पडले की बाळ नुसते गारठले होते, शेकोटीजवळ अंग चोळले आणि ते पुन्हा जिवंत झाले. हे तिने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. पुढल्याच वर्षी जिनीव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकून पडलेल्या मंडळींत कवी बायरनने सुचवले, की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीच्या हातून ही कथा उतरली. मेलेल्याला पुन्हा उठवण्याची ही कल्पना तिला कोठून सुचली असेल, हे आपल्यासारख्या आयांना कोणी समजावून सांगायला नको.

१८१८ साली पुस्तक निघाले ते लेखकाच्या नावाशिवाय. प्रस्तावना तिचे पती, कवी शेली, यांनी लिहिली होती. तेव्हा पुस्तकही त्यांचेच, असा पुष्कळांचा समज झाला. पुढे तिचे नाव छापले गेले, तिची कीर्ती झाली. पण १९३१ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने त्यावर चित्रपट काढला, तेव्हा पडद्यावर मूळ लेखिकेचे नाव कसे आले? 'मिसेस पर्सी बी. शेली'! शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही बाई नवऱ्याच्या नावामागे उभी.

याच चित्रपटाची आणखी एक गंमत. आरंभीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे फक्त प्रश्नचिन्ह आहे. प्रेक्षकांची उत्सुकता वाढावी म्हणून केलेली ती युक्ती. चित्रपट संपताना मात्र बोरिस कार्लॉफ हे नाव झळकते. (हेही टोपणनावच. खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि पूर्वजांचा संबंध हिंदुस्थानशी.) १९३५ साली पुढचा भाग आला, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. त्यात एल्सा लँचेस्टरने आरंभी मेरी शेलीची आणि शेवटी राक्षसाच्या वधूची अशा दोन भूमिका केल्या. मेरीच्या भूमिकेपुढे तिचे नाव आहे. वधूपुढे पुन्हा प्रश्नचिन्ह. ती वधू पडद्यावर जेमतेम काही मिनिटे दिसते, पण तिचे ते उभे केस आणि तो फूत्कार एकदा पाहिला की विसरत नाही. तो फूत्कार लंडनच्या बागेतल्या चिडक्या हंसांवरून उचलला, असे एल्साबाई सांगत.

आता ड्रॅक्युलाकडे वळू. ही कादंबरी ब्रॅम स्टोकर यांची, १८९७ सालची. ते १९१२ साली वारले. दहा वर्षांनी जर्मनीत 'नोस्फेराटू' हा मूकपट निघाला. गोष्ट तीच, पात्रांची नावे तेवढी बदललेली, आणि परवानगी कोणाचीच नाही. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्सबाई कोर्टात गेल्या. चित्रपट काढणाऱ्या कंपनीचे दिवाळे वाजले होते, त्यामुळे पैसा हाती लागला नाही. पण १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा निकाल त्यांनी मिळवला. काही प्रती तरीही वाचल्या आणि आज तो चित्रपट जगातल्या उत्तम भयपटांत गणला जातो. तो वाचला याचा माझ्यासारखीला आनंद होतोच. पण आपल्या हक्कासाठी इतकी वर्षे भांडणाऱ्या त्या बाईला मी हेकट म्हणणार नाही. पुढे १९३१ साली बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' आला, तो रीतसर हक्क विकत घेऊन.

तिसरी गोष्ट सर्वांत कडू आहे. १९५४ सालच्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' या चित्रपटात कल्ले असलेला एक जलमानव आहे. त्याचे रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने रेखाटले होते. कंपनीने तिला प्रचारासाठी दौऱ्यावर पाठवायचे ठरवले. 'पशू निर्माण करणारी सुंदरी' अशी जाहिरात योजली. रंगभूषा खात्याचे प्रमुख बड वेस्टमोर यांना ते खपले नाही. मग जाहिरात बदलली, 'पशूंच्या सहवासातील सुंदरी' अशी. पडद्यावर नाव वेस्टमोर यांचेच राहिले, आणि बाई दौऱ्यावरून परतल्यावर त्यांनी तिला पुन्हा काम दिले नाही. २०१९ साली मॅलरी ओमेरा या लेखिकेने तिचे चरित्र लिहिले, तेव्हा कोठे ही हकीकत सर्वतोमुखी झाली.

हे झाले परदेशचे. आपल्याकडे काय होते ते पाहायला मुंबईच्या मालाडपर्यंत जाणे पुरे. तेथल्या बॉम्बे टॉकीजचा १९४९ सालचा 'महल' आपल्यातील ज्येष्ठ भगिनींना आठवत असेल. ओसाड वाडा, हलणारा झोपाळा, सोळा वर्षांची मधुबाला आणि दुरून जवळ येत जाणारा तो आवाज! छायाचित्रण योसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थाचे आणि संकलन बिमल रॉय यांचे, हे माझ्या वहीतले टिपण. पण मुख्य गोष्ट आवाजाची. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेल्या त्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणे रेडिओवर लागू लागले तशी श्रोत्यांकडून विचारणा होऊ लागली, की ही गाते कोण? तेव्हा उत्तर जाहीर झाले : लता मंगेशकर. ऐकणाऱ्यांनी विचारले, म्हणून ते कळले.

भगिनींनो, मला सांगायचे आहे ते एवढेच. नाव दडवणारे नेहमी दुष्टच असतात असे नाही. बहुधा तशी रीत पडलेली असते. आपल्याच मंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळून पाहा. प्रमुख पाहुण्यांचे नाव पदव्यांसह असते. आणि खाली 'अल्पोपाहार व रंगमंच सजावट : भगिनीवर्ग'. दोन रात्री जागून नाटकाचा पडदा शिवणारी कोण, शंभर माणसांचे उपीट ढवळणारी कोण, याचा पत्ता नाही. जिथे नाव असते तिथे 'सौ.' पुढे यजमानांची आद्याक्षरे आणि आडनाव. बाईचे नाव काय, ते तिच्या माहेरच्यांनाच ठाऊक! यजमानांचे नाव लावण्यात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. पण आपलेच गाळावे कशाला?

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. यंदाच्या स्मरणिकेच्या शेवटी एक पान राखून ठेवावे आणि ज्या ज्या हातांनी या वर्षी काम केले त्यांची पूर्ण नावे त्यावर छापावी. ज्या आज हयात नाहीत त्यांचीही, आठवून आठवून. खर्चाची अडचण असेल तर त्या एका पानाचा भार मी उचलते.

आणि कोणाला 'महल' किंवा 'नोस्फेराटू' पाहायचा असेल तर शनिवारी रात्री माझ्याकडे या. चहा मी करीन. दिवा मात्र मालवावा लागेल.