कै. केशवराव जेधे : एका नगरपालिका-सभासदाची वाटचाल
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



जेधे हे नाव उच्चारताच कान्होजींचे स्मरण व्हावे, हे आपल्या मेळाव्यात साहजिकच होय. परंतु कुळाची थोरवी गाण्यास आम्ही उभे नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते पुणे म्युनिसिपालिटीच्या एका तरुण सभासदाविषयी.

१८९६ साली जन्मलेल्या केशवरावांनी १९२५ साली म्युनिसिपालिटीत ठराव मांडला, की जोतीराव फुल्यांचा पुतळा शहरात उभारावा. स्वतः जोतीराव १८७६ पासून काही वर्षे याच म्युनिसिपालिटीचे सभासद होते. तरीही ठराव फेटाळला गेला. त्या वादाच्या धगीत दिनकरराव जवळकरांची 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका निघाली. प्रकाशक केशवराव. लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर तिच्यात जहरी टीका होती. खटला होऊन शिक्षा झाली. १९२६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अपील चालविले आणि आरोपी सुटले. पुस्तिकेची भाषा आम्हांस रुचत नाही. ठराव मात्र रास्त होता, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणतो.

पुढे काकासाहेब गाडगीळांचा सहवास घडला आणि ब्राह्मणेतर चळवळीचा हा पुढारी बहुजनसमाजास काँग्रेसकडे घेऊन गेला. १९३८ साली ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९४८ च्या सुमारास शेतकरी कामकरी पक्षाच्या संस्थापकांत होते. नंतर पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. या येरझाऱ्यांबद्दल कोणी बोल लावील, तर आम्ही वाद घालणार नाही.

पण ६ फेब्रुवारी १९५६ चा दिवस आठवावा. पुण्यात केशवरावांच्या अध्यक्षतेखाली सभा भरून संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, ती कोठे? टिळक स्मारक मंदिरात! ज्या टिळकांवरील पुस्तिकेपायी शिक्षा ओढवली, त्यांच्याच नावाच्या वास्तूत, मुंबईसह मराठी राज्यासाठी, कॉम्रेड डांगे आणि एस. एम. जोशी यांच्यासारख्या भिन्न पक्षांच्या पुढाऱ्यांस जोडणारा हा गृहस्थ अध्यक्षस्थानी होता. 'आपला माणूस' म्हणून त्यांचे छायाचित्र आपण लावतो. त्या समितीने हाक दिली ती मात्र एका ज्ञातीस नव्हे. म्हणूनच कार्यकारिणीस आमची विनंती आहे, की छायाचित्राखाली केवळ कुळाचे नाव न लिहिता १९२५ चा ठराव आणि १९५६ ची सभा, दोन्ही लिहावीत.

आज स्वारगेटच्या चौकास त्यांचे नाव आहे, एस. टी. गाठण्याच्या घाईत ते कोण वाचतो! १२ नोव्हेंबर १९५९ रोजी केशवराव गेले. १ मे १९६० त्यांस दिसला नाही.