गाडीचा दागिना

मी बोलतोय ट्रॉयहून. मिशिगनमधल्या ट्रॉयहून, बरं का, लाकडी घोड्याच्या गोष्टीतल्या नव्हे. मी आयटीत सल्लागार आहे. मध्ये एमबीएही केलं, त्यामुळे प्रत्येक खर्चाला ‘यातून परत काय मिळणार?’ असं विचारायची खोड लागली आहे. आज मात्र ज्यातून काहीच परत मिळत नाही अशा खर्चाबद्दल बोलणार आहे. गाडीला कार्बन फायबर चिकटवणं!

आपण डेट्रॉइटच्या अंगणात राहतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. १९९५ पासून ही जत्रा चालू आहे. जुन्या, रंगवलेल्या, चकचकीत गाड्या फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत रांगेत निघतात आणि लोक खुर्च्या टाकून बघत बसतात. अशा गावात वाढलेल्या मुलाला गाडी सजवाविशी वाटली नाही तरच नवल.

माझ्या मुलाने गेल्या वर्षी स्वतः कमावलेल्या पैशांत थोडी भर आमच्याकडून घालून एक जुनी गाडी घेतली. फेब्रुवारीत घरी एक खोकं आलं. गिअरभोवतीची पट्टी, दारांच्या बटणांची झाकणं, एसीच्या जाळीच्या कडा आणि स्टिअरिंगच्या मधल्या लोगोवर बसवायची एक चकती. सगळं काळं, चटईसारख्या विणीचं. मी म्हटलं, “अरे, चाळीस डॉलरचं प्लास्टिक!” तो म्हणाला, “बाबा, खरं कार्बन आहे.”

खरं की खोटं, हे कसं ओळखायचं? तुकडा उजेडात तिरका करून बघा. खऱ्या विणीत धाग्यांची चमक कोनाप्रमाणे बदलते, जणू आत खोली आहे. नुसती छापलेली फिल्म असेल तर चमक सगळीकडे सारखीच दिसते, आणि वळणावर नक्षी ताणलेली किंवा तुटलेली दिसते. मुलाचं बरोबर होतं. वरचा थर पातळ होता, पण खरा होता.

हे कार्बन फायबर येतं कुठून? बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्या जातीचा एक धागा घेतात. तो आधी हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसला तापवतात, मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्याही वर. बाकीचं बहुतेक सगळं निघून जातं आणि कार्बन उरतो. एक तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, साधारण पाच ते दहा मायक्रॉनचा. तो विणायचा, इपॉक्सीत भिजवायचा आणि घट्ट करायचा. पोलादापेक्षा खूप हलका आणि तरीही भक्कम. १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीचा सांगाडाच यातून बनवला आणि शर्यतीचं जग बदललं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८७९ मध्ये, एडिसनने सुती दोऱ्याचा कोळसा करून दिव्यातली तार बनवली होती. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा हेन्री फोर्डने आपल्या शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये पुन्हा उभी केली. मुलांना ग्रीनफील्ड व्हिलेजला न्याल तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

आता गंमत बघा. कार्बनची सारी पुण्याई हलकेपणाची. आपण ते प्लास्टिकवर चिकटवतो, म्हणजे गाडीचं वजन उलट काही ग्रॅमने वाढतंच. थोडक्यात, हा दागिना आहे. पण दागिन्याला नावं ठेवायचा मला काय अधिकार? साताऱ्यात आमच्या वडिलांच्या स्कूटरला रंगीत वायरी विणलेलं सीटकव्हर होतं, आणि मडफ्लॅपवर पेंटरकडून माझं नाव लिहून घेतलं होतं. त्यातून तरी काय परत मिळालं? मला मात्र ते अक्षर आजही डोळ्यांसमोर दिसतं.

तर फेब्रुवारीत, थंडगार गॅरेजमध्ये, चिरंजीवांनी सगळं चिकटवलं. आठवड्याभरात निम्मं गळून पडलं. दुहेरी टेपला ऊब लागते, साधारण वीस अंश सेल्सिअसच्या वर उत्तम. दहाच्या खाली ती नीट धरतच नाही. मे महिन्यात आम्ही दोघं बसलो. आधी साबणाच्या पाण्याने पुसलं, मग रबिंग अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्म घेऊन तेलकटपणा काढला. तुकडा टेप न सोलता बसवून बघितला, मग टेप सोलून अर्धा मिनिट दाबून धरला. पकड पूर्ण यायला तीन दिवस लागतात, तोवर त्याला पाणी लागू द्यायचं नाही. एका दाराच्या पट्टीची कड थोडी घासावी लागली, तेव्हा मास्क लावला आणि ओल्या पॉलिशपेपरने घासलं. ही धूळ छातीला आणि कातडीला वाईट. त्या शनिवारी आमचं जेवढं बोलणं झालं, तेवढं त्याआधीच्या सहा महिन्यांत झालं नव्हतं. स्टिअरिंगची चकती मी स्वतःच्या हाताने बसवली.

जूनमध्ये फादर्स डेला त्याने मला भेट दिली : माझ्या गाडीच्या पुढच्या लोगोवर बसवायचं कार्बनचं झाकण. मी खूश! लगेच लावलं. सोमवारी आय-पंचाहत्तरवरून डाउनटाउनला निघालो, क्रूझ कंट्रोल लावला, तर डॅशबोर्डवर संदेश : पुढचं रडार उपलब्ध नाही.

आमच्या धंद्यात नियम आहे, बिघाड झाला की आधी विचारायचं, शेवटचा बदल काय केला? संध्याकाळी, पाच वर्षांत पहिल्यांदाच, गाडीचं पुस्तक उघडलं. आजकालच्या अनेक गाड्यांत पुढच्या लोगोच्या मागेच रडार असतं. पुढच्या गाडीचं अंतर तेच मोजतं आणि वेळ आली तर आपोआप ब्रेक लावायला तेच सांगतं. लोगोचं प्लास्टिक रडारच्या लहरी आरपार जाव्यात अशा बेताने बनवलेलं असतं. कार्बन फायबर मात्र विजेचं वाहक आहे, लहरी अडवतं. मी गाडीच्या डोळ्यावर पट्टी बांधली होती. आणि मला निदान संदेश तरी आला.

पान उलटलं आणि पोटात गोळा आला. तिथे लिहिलं होतं : स्टिअरिंगच्या मधल्या भागावर काहीही चिकटवू नका. कारण त्या झाकणाखाली एअरबॅग असते. धडकेच्या वेळी पापणी लवायच्या आत ती फुगते आणि झाकण फाडून बाहेर येते. झाकण कुठून फाटायचं, कसं उघडायचं, हे कारखान्यात ठरलेलं असतं. त्यावर चिकटवलेली टणक चकती मात्र सुटून थेट चेहऱ्यावर येऊ शकते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, अशा सजावटी चकत्यांबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. अशाच एका चकतीने एका व्यक्तीचा डोळा गेला होता. आणि याबद्दल डॅशबोर्डवर कसलाही संदेश येत नाही.

रात्रीचे अकरा वाजले होते. मुलगा मित्राकडून परत यायचा होता. फोन करावा तर तो गाडी चालवत असेल. मी गॅरेजचं दार उघडून उभा राहिलो. महिनाभर तो रोज माझ्या हाताने चिकटवलेल्या त्या चकतीसमोर बसून रॉचेस्टर रोडने जात-येत होता.

तो आला. मी पुस्तक पुढे केलं. त्याने वाचलं आणि एवढंच म्हणाला, “बाबा, हेअर ड्रायर आणतो.” हलकी ऊब दिली, दात साफ करायचा फ्लॉस चकतीमागून करवतीसारखा हळूहळू फिरवला, चकती निघाली. एअरबॅगच्या झाकणावर फार उष्णता नको आणि द्रावण ओतायचं नाही, एवढं सांभाळलं. उरलेला गोंद बोटाने चोळून काढला. मग माझ्या गाडीचं झाकणही काढलं. मला वाटलं होतं, भेट काढली म्हणून तो हिरमुसेल. तो म्हणाला, “तुमच्या टूलबॉक्सवर लावू.” ते आता तिथेच आहे.

बाकीचं सगळं त्याच्या गाडीत आहे आणि छान दिसतं. तेव्हा मंडळी, मुलांना नाही म्हणू नका, पण काही ठिकाणं आधी सांगून ठेवा. गिअरची पट्टी, दाराची बटणं, कपहोल्डर यांवर खुशाल लावा. स्टिअरिंगचा मध्य आणि डॅशबोर्डवर किंवा सीटच्या बाजूला जिथे एअरबॅगची खूण आहे तिथे अजिबात नाही. पुढच्या लोगोला हात लावण्याआधी गाडीचं पुस्तक वाचा. आणि गाडी लीजवर असेल तर ती परत द्यायची आहे हे लक्षात ठेवा. टेप ओरबाडून काढली की खाली डाग राहतो आणि त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात.

येत्या दसऱ्याला आपण सगळे गाड्या धुऊन हळदकुंकू वाहू, झेंडूचा हार घालू. हार घालून देवळापर्यंत गाडी न्याल तेव्हा तो रडारसमोर लोंबत नाही ना, तेवढं बघा. आणि आज रात्री जेवण झालं की मुलाच्या, मुलीच्या गाडीत एकदा बसून या. स्टिअरिंगवर हात फिरवा. काही टणक लागलं, तर हेअर ड्रायर कुठे असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.