पत्र एकाला, ऐकणारे सगळे





पाहुण्यांच्या उतरण्याची सोय पाहणे हे स्वागत समितीचे पहिले काम. या अधिवेशनात गटागटाने अभ्यासायच्या, बायबलच्या नव्या करारातील पत्राच्या शेवटीही तशाच सोयीची विनंती आहे. राहायला जागा तयार ठेव, असे बंदिवासातला वृद्ध पौल फिलेमोनाला कळवतो.

पत्र अवघे २५ वचनांचे. फिलेमोनाचा दास अनेसिम पौलाकडे आला आणि तिथे त्याने विश्वास धरला. पौल त्याला परत पाठवतो, पण दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार व्हावा, असा आग्रह धरतो. अनेसिम म्हणजे ‘उपयोगी’. एके काळी निरुपयोगी ठरलेला आता दोघांच्याही उपयोगाचा झाला, अशी कोटी पौल करतो. अनेसिमाकडून काही येणे असेल तर ते फेडण्याची हमीही तो स्वतःच्या हाताने लिहून देतो.

मजकूर खासगी वाटतो, पण मायना पाहावा. फिलेमोनासोबत अप्फिया, अर्खिप्प आणि त्या घरी जमणारी मंडळी यांचीही नावे तिथे आहेत. मूळ ग्रीकमध्ये आरंभीचा आशीर्वाद ‘तुम्हां’ सर्वांना आहे, अनेसिमाचा विषय निघतो तो ‘तू’शी बोलताना, शेवटच्या आशीर्वादात पुन्हा ‘तुम्ही’. आजच्या इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. मराठी कानाला मात्र फरक चटकन कळतो: अवघड गोष्ट एकाला सांगितली जाते आहे आणि सारे घर ती ऐकते आहे.

ऐकणाऱ्यांत कोण बसले आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स या पाळकाने गुलामांपुढे याच पत्रावर प्रवचन केले. पौलाचा हवाला देऊन त्याने पळून जाण्याचा निषेध करताच निम्मे श्रोते उठून चालते झाले. ही हकिगत जोन्सने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. अनेसिमाच्या जागेवरून पत्र ऐकणाऱ्यांना धन्याच्या सोयीचा अर्थ पटला नाही.

पण ऐकण्यासाठी आधी भाषा कळायला हवी. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले, ते साध्यासुध्या बायकांनाही कळावे म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याची छपाई झाली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून प्रतिनिधींना विनंती. गट आठ-दहा जणांचाच असावा. आधी एकाने सबंध पत्र मोठ्याने वाचावे; पाच मिनिटेही लागत नाहीत. मग कोणी फिलेमोनाच्या, कोणी अनेसिमाच्या, कोणी अप्फियाच्या बाजूने बोलावे, आणि एरवी गप्प बसणाऱ्याला पहिली संधी द्यावी. सोबत पेन्सिल असू द्यावी. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याखाली खुणा करूनच चर्चेला बसावे.