कमी गुणांचा जबाब कसा द्यावा?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



वकिलीच्या धंद्यात मला रोज कोणाच्या ना कोणाच्या वतीने एखाद्या गोष्टीचे कारण सांगावे लागते. त्या अनुभवाच्या आधारे आज एका प्रश्नासंबंधी आपणापुढे चार शब्द बोलावयाचे आहेत. मुलाला किंवा मुलीला डॉक्टर व्हावयाचे आहे, परंतु कॉलेजातील पहिल्या वर्षी गुण कमी पडले. आता त्याचा जबाब कोणास, कोठे व कसा द्यावयाचा?

हा प्रश्न आपल्या दोन्ही तालुक्यांत अनेक घरांत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली मुलगी अकरावीस विज्ञान शाखेत जाते आणि एका दिवसात तिची सारी पुस्तके इंग्रजी होतात. किन्हवली-डोळखांबकडील विद्यार्थी पहाटे एस. टी. धरून आसनगावला येतो व तेथून लोकलने कल्याण गाठतो. टोकावडे-धसईकडे तर एस. टी.वाचून गती नाही. त्यात भातलावणीच्या दिवसांत घरी हात कमी पडतात. अशा वर्षी गुण उतरले तर त्यात नवल नाही. नवल याचे वाटते की तेवढ्यावरून बाप म्हणतो, "डॉक्टरकी आपल्या नशिबात नाही," आणि मुलीला विज्ञान शाखेतून काढून घेतो. नशिबाचा हा निकाल कोणत्या न्यायाधीशाने दिला? आणि निकालाआधी कायदा कोणी वाचून पाहिला?

तेव्हा प्रथम कायदाच पाहू. आपल्या देशात एम. बी. बी. एस.चा प्रवेश 'नीट' या ७२० गुणांच्या परीक्षेतील क्रमांकावर होतो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. बारावीच्या गुणांचे काम केवळ उंबरठ्याचे आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. आणि पहिल्या तीन विषयांत मिळून ३०० पैकी खुल्या वर्गास १५०, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांस १२० गुण लागतात. हा उंबरठा ओलांडल्यावर बारावीच्या गुणांनी यादीतील क्रमांक वरखाली होत नाही. अकरावीचे गुण तर विचारातच घेतले जात नाहीत. 'नीट'ला किती वेळा बसावे यास मर्यादा नाही, आणि वयाची कमाल अट २०२२ साली काढून टाकण्यात आली. बारावीस उंबरठ्यापुरते गुण मिळाले नाहीत, तर राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षा देता येते. याचा अर्थ असा की, अकरावीच्या गुणपत्रिकेवरून दार बंद झाले असे मानणारा माणूस उघड्या दारापुढूनच परत फिरतो.

मग जबाब द्यावयाचा कोठे? मधले वर्ष मोकळे गेले असेल तर प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. लोक त्यास गॅप सर्टिफिकेट म्हणतात. शिष्यवृत्ती देणारे मुलाखतीत मागचे गुण विचारतात. परदेशी जावयाचे असेल तर हा प्रश्न अधिकच मोठा होतो. अमेरिकेत आधी पदवी आणि मग वैद्यकीय महाविद्यालय असा क्रम आहे. तेथे पदवीच्या पहिल्या वर्षापासूनचे सारे गुण अर्जासोबत जातात आणि उमेदवारास स्वतःविषयी निवेदन लिहावे लागते. अशा ठिकाणी मौन पाळले तर वाचणारा स्वतःच कारण कल्पितो, आणि ते बहुधा आपल्या विरुद्ध असते.

कोर्टात याच जातीचा एक अर्ज आम्ही नेहमी करतो. अपिलास उशीर झाला असता, मुदतीच्या १९६३ च्या कायद्यातील ५ व्या कलमाखाली, उशिराचे 'पुरेसे कारण' दाखवावे लागते. "घरगुती अडचणींमुळे उशीर झाला" एवढेच लिहिलेला अर्ज सहसा टिकत नाही. अडचण कोणती, ती कधी सुरू झाली, कधी संपली, तिचा कागद कोठे आहे आणि ती संपल्यावर पक्षकाराने काय केले, हे न्यायाधीश पाहतात. कमी गुणांचा जबाबही याच कसोटीस उतरला पाहिजे.

याची दोन उदाहरणे आपणापुढे ठेवतो. पहिले आपल्या शेजारच्या कल्याणशी निगडित असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे. नवऱ्याच्या नोकरीतील बदल्यांमुळे त्यांचे शिक्षण तुकड्या-तुकड्यांनी झाले होते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेस पोहोचल्या आणि २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहिले. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हे त्यांनी त्यात स्वतःहून सांगितले; आपले प्रकरण अपवादात्मक का आहे आणि येथील स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज का आहे, हेही सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यांची जात आणि आपली स्थिती यांत अंतर आहे हे खरे. पण उणीव न लपविता अर्ज कसा करावा, हे त्या पत्रावरून शिकण्यास काही हरकत नाही.

दुसरे उदाहरण परमपूज्य बाबासाहेबांचे. १९०७ साली मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने ते शेकडा ३८ सुद्धा भरत नाहीत. पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी, प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने, त्यांनी ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळविली. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठविला आणि १९२० साली, मुदत संपण्यापूर्वी, ते लंडनला परत गेले. १९२३ साली डी. एस्सी. झाले. मॅट्रिकच्या २८२ गुणांस याहून चांगला जबाब कोणता? पुढच्या कामाने दिलेला जबाब सर्वांत बळकट असतो, आणि खंड पडत असतानाच त्याची नोंद करून ठेवणारा मनुष्य पुढे अडत नाही.

यास्तव विद्यार्थी मित्रांनो, लिहिण्याची वेळ आली तर एका पानात लिहा. गुण किती व कोणत्या वर्षी कमी पडले, ते प्रथम स्पष्ट सांगा. मग खरे कारण सांगा : माध्यम बदलले, रोजचा प्रवास चार तासांचा होता, आई आजारी होती. त्यास कागद जोडा : दवाखान्याचे कागद, शिक्षकांचे पत्र, प्रवासाचा पास. शेवटी आणि सर्वांत अधिक जागा देऊन पुढची प्रगती दाखवा. शिक्षकांना दोष देऊ नका, दयेची याचना करू नका. आणि खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र तर कदापि जोडू नका. कमी गुण हा गुन्हा नव्हे; खोटा दाखला वापरणे हा गुन्हा आहे, आणि त्याने मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

पालकहो, आता आपल्याकडील काम. वर सांगितलेली १२० गुणांची सवलत आणि राखीव जागा कागदांवाचून मिळत नाहीत. बौद्ध धर्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचे हक्क जात नाहीत. १९९० च्या दुरुस्तीने हे देशभर मान्य झाले आहे. परंतु बौद्ध हा आपला धर्म आहे. जातीच्या प्रमाणपत्रासाठी मूळ अनुसूचित जातीचा पुरावा द्यावाच लागतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नोंद आजच शोधून काढा. प्रमाणपत्राची पडताळणी मूल अकरावीत असतानाच सुरू करा. गुण मिळवूनही कागदासाठी जागा गेली, तर त्याचा जबाब मुलाने नव्हे, आपण द्यावयाचा आहे.

आणि सर्वांत पहिला जबाब कॉलेजात नव्हे, आपल्या ओटीवर मागितला जातो. मूल कमी गुणांचा कागद घेऊन घरी आले की त्यास "का?" असे अवश्य विचारा; पण उत्तर ऐकण्यासाठी विचारा. न्यायाधीशसुद्धा दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल देत नाही. मग बापाने तो का द्यावा?

जय भीम.