नाव घेताना

(दहिवडीच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी बोलताना अडखळते. आजही अडखळेन. शब्द अडकला तर तुम्ही तो पुरा करू नका, एवढी पहिली विनंती. शब्द मला ठाऊक असतो, यायला उशीर लागतो इतकंच.

माण तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत मी २८ वर्षं शिकवलं. लहानपणी घरच्यांनी मधातून वेखंड चाटवलं, अंगारा लावला. मुलगा असता तर साताऱ्याला डॉक्टरकडे नेला असता. माझं मात्र कौतुकच झालं, "पोरगी गुणाची, वर तोंड करून बोलत नाही." लग्नात उखाण्याची ओळ सरळ आली आणि नेमकी नवऱ्याच्या नावावर अडकले. मांडवातल्या बाया हसल्या, "लाजली गं!" बाईचं न बोलणं हे दुखणंही असू शकतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पुढे वाचून कळलं. मोठ्या माणसांत शंभरात एखादं अडखळतं. त्यांत चार पुरुषांमागे साधारण एक बाई. हे भित्रेपणानं होत नाही, नक्कल केल्यानं होत नाही, जीभ जड असल्यानंही नाही. बोलण्याचा मेळ मेंदू जमवतो, तिथला हा फरक आहे आणि पुष्कळदा तो घराण्यातून येतो. म्हणून तर जात्यावरची ओवी मी सरळ म्हणते. वर्गाबरोबर पाढेही सरळ म्हणते.

डी.एड.ला असताना एकांनी सल्ला दिला, "तुम्ही शिवणकाम शिका." मी शिकवायचंच ठरवलं. पण वर्गात पळवाटा काढल्या. एखादा शब्द अडेलसा वाटला की आम्ही दुसरा घालतो. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. म्हणून मी हजेरी नंबरानं घ्यायची. एक, दोन, तीन. वीसेक वर्षं घेतली. शिस्तीच्या बाई म्हणून माझं नावही झालं.

२०१९ साली दुष्काळात चारा छावण्या लागल्या होत्या. निम्म्या पोरांची घरं गुरांबरोबर छावणीत. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी हजेरीला उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, छावणीत जनावरांच्या कानाला नंबर हाय. आमाला नावं हायत की."

मी गप्प झाले. स्वतःची लाज झाकायला मी पोरांची नावं काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, "मी अडखळते. तुमचं नाव घ्यायला वेळ लागेल. थांबायचं." हजेरीला पाच मिनिटांऐवजी पंधरा लागली. दोघं-चौघं हसले, आठवड्यात हसणं संपलं. मागच्या ओळीतला एक मुलगा कधी वाचायला उठत नसे. महिन्याभरानं तो उठला, अडखळत अर्धं पान वाचलं. कुणी शब्द पुरवला नाही. पोरांना थांबायची सवय झाली होती.

पाहणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "बाई, घाबरलात का?" मी म्हटलं, "नाही साहेब, मी अडखळते." हे एक वाक्य म्हणायला मला पन्नाशी उलटावी लागली.

तुमच्या घरात, गटात एखादी गप्प बसणारी असेल तर ती गुणाची आहे असं लगेच धरू नका. तिला विचारा. आणि विचारल्यावर थांबा.