जुनें टर्नटेबल निवडतांना

घरांत वाडवडिलांनीं जपलेल्या ध्वनिमुद्रिका असाव्यात आणि त्या वाजविण्यास योग्य यंत्र मात्र नसावें, अशी कित्येक संगीतप्रेमी कुटुंबांची स्थिति आहे. अशा वेळीं नव्या स्वस्त यंत्रापेक्षां जुनें पण उंची टर्नटेबल घ्यावें, असा विचार मनांत येतो. विचार सुज्ञपणाचा खरा. परंतु ही खरेदी केवळ नांवाला व झिलईला भुलून झाली, तर यंत्राहूनहि मोलाची वस्तु गमावण्याचा संभव असतो. ती वस्तु म्हणजे तबकडी. नादुरुस्त यंत्र दुरुस्त करतां येतें. तबकडीची खरवडली गेलेली खांच पुन्हां भरून येत नाहीं.

इंग्लंडमध्यें १९५४ सालीं निघालेलें गॅरार्ड ३०१ किंवा स्वित्झर्लंडमध्यें १९५७ सालीं निघालेलें थोरेन्स टीडी १२४, हीं यंत्रें नीट राखलीं असल्यास आजहि उत्तम चालतात. दोहोंमध्यें थाळीला गति मिळते ती रबरी चाकाच्या द्वारें. तें चाक कठीण झालें असेल वा त्याला खोंक पडली असेल, तर प्रत्येक फेऱ्यास घरघर ऐकूं येते. थाळी उचलून मधला आंस हलवून पाहावा; तो डगडगतां कामा नये. मग तंबोऱ्याची साथ असलेली तबकडी लावावी. अखंड षड्ज थरथरूं लागला, तर गति समान नाहीं असें खुशाल समजावें.

परदेशांतून आलेल्या यंत्राविषयीं आणखी एक दक्षता अवश्य आहे. अमेरिकेंत वीज सेकंदास ६० आवर्तनांची, तर भारतांत ५० आवर्तनांची असते. मोटरवरील पुली बदलली नाहीं, तर असें यंत्र येथें सहांत एक हिश्शानें मंद फिरतें, आणि काळी चारचा षड्ज पांढरी चारच्या आसपास उतरतो. गायकाचा कंठच बदलल्यासारखा वाटतो!

बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खांसाहेबांच्या मूळ तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या आहेत. नंतरच्या कित्येक टर्नटेबलांना ती गतीच नाहीं. वर उल्लेखिलेल्या दोन्ही यंत्रांना आहे. मात्र गति जुळली म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्या तबकड्यांना सुमारें ७५ मायक्रॉन त्रिज्येचें टोंक असलेली सुई लागते, एल. पी. तबकडीची सुई सुमारें १८ ते २५ मायक्रॉनची. एकीची सुई दुसरीस लावूं नये.

आतां सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म. तबकडीचें आयुष्य मुख्यतः त्याच्याच हातीं असतें. वजन तोलून दांडा अधांतरीं समतोल करावा व बोटानें अलगद ढकलावा. तो कोठेंहि न अडखळतां सरकला पाहिजे. पुढचें टोंक हळूच हलवितां सांध्यांत खुळखुळ जाणवली, तर तो दांडा घेऊं नये. एस. एम. ई. ३००९ सारख्या नामांकित दांड्यांतहि मागील वजनाखालचें रबर कालांतरानें सैल पडून वजन खालीं झुकतें. तें नवें घालून घेतां येतें, पण किंमत ठरवितांना तो खर्च धरावा.

शेवटची गोष्ट जोडीची. दांड्याचें वजन व सुईची लवचिकता यांवरून त्या जोडीची स्वाभाविक कंपनसंख्या ठरते; ती सेकंदास ८ ते १२ असावी. त्याहून कमी झाल्यास वांकलेल्या तबकडीवर दांडा हेलकावे खातो. फार वाढल्यास खर्जाचे स्वर बिघडतात. डेनन डीएल-१०३ सारखें ताठ सुईचें कार्ट्रिज जड दांड्यावर शोभतें व तें सुमारें अडीच ग्रॅम भार मागतें. लवचिक सुईस हलकाच दांडा हवा. दोन्ही वस्तु उंची असूनहि संसार जमत नाहीं तो येथें.

म्हणून ठराविक रकमेंतून खरेदी करणारानें प्रथम आंस पाहावा, नंतर दांडा, नंतर सुई, आणि लांकडी पेटीची शोभा सर्वांत शेवटीं. कित्येक जुनीं गाणीं त्या एकाच तबकडीवर उरलेलीं असतात. त्यांना जें यंत्र इजा न करतां बोलतें करील, तेंच खरोखर उंची होय.